हिंगोली हादरते, तेव्हा चारठाण्याच्या दगडांकडे कोण बघते?

२१ मार्च २०२४. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि अकराच मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसला. १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. दोन्ही वेळा परभणीत पत्रे वाजले, भांडी पडली, माणसे लेकरांना घेऊन रस्त्यावर आली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना तर जमिनीखालच्या गूढ आवाजांची अनेक वर्षांची सवय आहे. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. जिल्ह्याची हद्द कागदावर बदलली, जमिनीखाली काही बदलले नाही.

अशा धक्क्यानंतर तलाठी येतो, घरांच्या भेगा पाहतो, पंचनामा होतो. ते व्हायलाच हवे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात यादवकाळातली मंदिरे, बारवा आणि एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. हादरा बसल्यावर या भिंतींची भेग वाढली की नाही, हे कसे कळणार? भेग आधी किती होती हे मोजलेले असेल तरच.

आपल्यातले काही कार्यकर्ते लगेच म्हणतील, देवळांची काळजी आपण का करायची? आमचे उत्तर तेरमध्ये आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे त्रिविक्रम मंदिर मागच्या बाजूने अर्धगोल आहे, विटांचे आहे, आणि ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. मराठवाड्यात विटांचे बौद्ध बांधकाम उभ्या स्थितीत बघायचे तर तिथेच जावे लागते. ते टिकले, कारण शतकानुशतके कोणीतरी ते वापरले, झाडले, डागडुजी केली. पाटी कोणाची यावर भांडण करायचे असेल तर भिंत आधी उभी राहिली पाहिजे.

आता धोक्याकडे येऊ. त्यात हादरा किती, खालची जमीन कशी आणि बांधकाम कसे, हे तिन्ही पाहावे लागते. आपण बातमीत फक्त पहिला आकडा वाचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप ६.२ चा होता. ४.५ आणि ६.२ यांत फरक दिसायला १.७ चा आहे, पण बाहेर पडणारी ऊर्जा साडेतीनशे पटीने जास्त. म्हणून हिंगोलीच्या धक्क्यांना किल्लारीची नांदी म्हणून घबराट पसरवू नये. मोबाईलवर फिरणारे 'आज रात्री मोठा भूकंप' हे मेसेज तर सरळ खोटे असतात, भूकंपाची वेळ आधी कोणीच सांगू शकत नाही. पण निर्धास्तही राहू नये. किल्लारीचा भाग त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. २००२ मध्ये तो पहिला झोनच नकाशातून काढून टाकावा लागला.

जमिनीचे म्हणाल तर आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भूकंप असो-नसो, पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो.

आणि बांधकाम. जुन्या जाड भिंती भरीव वाटतात, पण बऱ्याचदा त्या दोन पदरांच्या असतात. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड नसतील तर हादऱ्याने मधला भराव खाली बसतो आणि बाहेरचा पदर पोटासारखा फुगतो. त्या फटीत पाऊस शिरतो, पिंपळ रुजतो. पुढचा धक्का लहान असला तरी पुरतो. चुन्याशिवाय एकावर एक रचलेले दगड छोट्या हादऱ्यात थोडे सरकून पुन्हा बसतात, ही त्यांची ताकद. पण प्रत्येक वेळी ते जुन्याच जागी बसतील असे नाही. सुटा उंच स्तंभ तर तळावर डुलतो. म्हणून कधी कधी मोठ्या एका धक्क्यापेक्षा लहान धक्के, पाऊस आणि दुर्लक्ष यांची बेरीज जास्त घातक ठरते.

बौद्ध जगाला हे नवे नाही. स्तूपाचा भरीव अंड भाग सहसा तग धरतो, वरची हर्मिका आणि छत्रावली आधी पडते. २०१५ च्या नेपाळ भूकंपात बौद्धनाथ स्तूपाच्या माथ्याचे नुकसान झाले, तो उतरवून पुन्हा बांधावा लागला. म्यानमारच्या बागानमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये ६.८ च्या भूकंपाने सुमारे चारशे पॅगोड्यांना इजा झाली, आणि तिथे पूर्वी घाईने केलेल्या डागडुजीवरही बोट ठेवले गेले. आपल्याकडेही वर्गणी काढून जुन्या दगडांवर सिमेंट थापण्याची हौस मोठी आहे. सिमेंट कडक असते, आतला ओलावा अडवते, आणि हादऱ्यात आजूबाजूचा दगड फोडते. श्रद्धेने केले तरी नुकसान ते नुकसानच.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो, त्यामुळे दगडांआधी माणसे आठवतात. किल्लारीत मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. कुडाच्या हलक्या घरांतली माणसे तुलनेने वाचली, आणि त्यांत गावकुसाबाहेरचे आपले लोक बरेच होते. गरिबीने दिलेले हे एकमेव संरक्षण असावे. आता आपलीही घरे विटांची झाली, वर स्लॅब आला, पण अनेक ठिकाणी कॉलम आणि आडवे पट्टे नाहीत. पडकी भिंत आणि तिला टेकून बांधलेले घर, दोन्हींची पाहणी एकाच फेरीत होऊ शकते.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे आणि जिल्ह्याचा आराखडा तयार करणे त्याचे काम आहे. वारसास्थळांच्या आपत्ती व्यवस्थापनासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. माहितीच्या अधिकारात विचारायचे ते सोपे आहे: परभणीच्या आराखड्यात चारठाणा आणि धारासूर आहेत का? संरक्षित यादीत नसलेल्या पडक्या वास्तू आहेत का? भूकंपानंतर किती तासांत कोणी पाहणी करायची, हे लिहिले आहे का?

उत्तर येईपर्यंत तरुणांना एक काम करता येईल. गावातल्या प्रत्येक जुन्या भिंतीचे ठरलेल्या जागेवरून, भेगेशेजारी पट्टी धरून, तारखेसह फोटो काढा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा आणि प्रत्येक धक्क्यानंतर. संरक्षित वास्तूला हात लावू नका, काही चिकटवू नका, फुगलेल्या भिंतीखाली उभे राहू नका. धक्क्यानंतर निदान दोन दिवस लेकरांना तिथे खेळायला जाऊ देऊ नका. फोटोंची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.