‘तारीख पे तारीख’ संपणार होतं. पण मुदत चुकली तर जबाबदार कोण?

२०२१ मधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ. रेल्वे स्टेशनबाहेरच्या पादचारी पुलावर एका पोराने माझ्या हातातला मोबाईल हिसकावला आणि पायऱ्यांवरून पळाला. शहर पोलिसांकडे गेलो, तर ‘पूल रेल्वेचा आहे, लोहमार्ग पोलिसांकडे जा’. तिकडे गेलो, तर ‘पायऱ्या आमच्या हद्दीत येत नाहीत’. दोन तासांनी हातात एक दाखला पडला. त्यावर मोबाईल ‘हिसकावला’ असं नव्हतं, ‘गहाळ’ असं होतं. नवं सिमकार्ड घ्यायला तो कागद पुरला. चोर शोधायला मात्र कोणी निघणार नव्हतं, कारण कागदावर चोरी झालीच नव्हती.

ही आठवण आज निघाली ती संसदेतल्या एका भाषणामुळे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्री आणि गांधीनगरचे खासदार अमित शहा यांनी तीन नव्या फौजदारी कायद्यांवर लोकसभेत आणि राज्यसभेत उत्तर दिलं. हे कायदे शिक्षेसाठी नाहीत तर न्यायासाठी आहेत, ‘तारीख पे तारीख’चा जमाना संपेल आणि पीडिताला तीन वर्षांत न्याय मिळेल, असा त्या भाषणांचा सूर होता. ती व्हिडिओ क्लिप तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीतरी आली असेल. त्या शब्दांमागे कायद्यात नेमकं काय आहे, ते पाहू.

नेमकं काय बदललं?

भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी ५३१ कलमांची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याऐवजी १७० कलमांचा भारतीय साक्ष्य अधिनियम आला. २० डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने विधेयकं मंजूर केली. १ जुलै २०२४ पासून कायदे लागू झाले.

सामान्य माणसाचा सगळ्यात जास्त संबंध येतो तो नागरिक सुरक्षा संहितेशी, कारण फिर्यादीपासून निकालापर्यंतचा रस्ता तिच्यात आहे.

– झीरो एफआयआर: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांनी घ्यायचीच. २०१३ च्या फौजदारी सुधारणांपासून तशा सूचना होत्या, आता ते कायद्यातच आहे.
– ई-एफआयआर: ऑनलाइन तक्रार करता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.
– तपासाची माहिती: तपास कुठवर आला हे ९० दिवसांत पीडिताला कळवणं बंधनकारक.
– निकाल: युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत.
– तारखा: परिस्थिती आवाक्याबाहेरची असेल, तरच एका पक्षाला जास्तीत जास्त दोन वेळा तहकुबी, तीही लेखी कारण देऊन.
– झडती आणि जप्ती: ऑडिओ-व्हिडिओ चित्रण आवश्यक.
– फॉरेन्सिक: सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं. त्याची तयारी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत.

शिवाय माझ्यासोबत घडलं त्याला, म्हणजे हिसकावून नेण्याला, न्याय संहितेत आता स्वतंत्र कलम आहे: कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

ही यादी चांगली आहे. हे कलम तेव्हा असतं, तर ‘हद्द आमची नाही’ म्हणणाऱ्या ठाणे अंमलदाराला मी ते मोबाईलवर दाखवू शकलो असतो. अर्थात मोबाईल असता तर!

मग अडचण कुठे आहे?

मी इंजिनिअरिंग शिकलो. तिथे एक साधी गोष्ट डोक्यात बसते. पाइपचा व्यास तेवढाच ठेवून टाकीवर ‘पाणी दुप्पट वेगाने येईल’ असं लिहिलं, तर पाणी वेगाने येत नाही.

इथे पाइप म्हणजे न्यायाधीश, सरकारी वकील, तपास अधिकारी आणि फॉरेन्सिक प्रयोगशाळा. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ मध्ये केली होती. आज हा आकडा २१ च्या आसपास आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत. न्यायाधीशाच्या टेबलावरचा गठ्ठा तोच राहिला, तर ४५ दिवसांची मुदत त्या गठ्ठ्यावर एक चिकटपट्टी होऊन बसते.

दोनच तहकुबींचा नियमही तसा ओळखीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत तीनपेक्षा जास्त तहकुबी नकोत, हे दोन दशकांपूर्वीच लिहिलं गेलं. पण ही मर्यादा अगदी ताठर नाही, अपवाद करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलं. ज्यांच्या घरात जमिनीचा दावा चालू आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

आता उलटं उदाहरण. ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत जुन्या कायद्यात होती, नव्यातही आहे. तपास अधिकारी रात्र जागून आरोपपत्र पूर्ण करतात ते याच मुदतीसाठी. कारण ती चुकली तर काहीतरी घडतं. नव्या कायद्यातल्या निकालाच्या मुदतीला असा परिणाम जोडलेला नाही. ९० दिवसांत पीडिताला काही कळवलं नाही, तर काय? त्याच कलमात त्याचं उत्तर नाही.

सभागृहात हे कोणी विचारलं?

फार थोड्यांनी. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. असदुद्दीन ओवैसी यांच्यासारखे मोजके विरोधी सदस्य लोकसभेत बोलले. या कायद्यांनी पोलिसांच्या हातात प्रमाणाबाहेर अधिकार जातात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. विधेयकं आधी स्थायी समितीकडे गेली होती, हे खरं. पण समितीतली चर्चा बंद दाराआड होते. गृहमंत्र्यांनी ‘तीन वर्षं’ म्हटल्यावर ‘त्यासाठी न्यायाधीश किती, पैसा किती?’ हा प्रश्न उभ्या उभ्या विचारायची जागा सभागृह असते. त्या दिवशी समोरची बाकं बऱ्यापैकी रिकामी होती.

ओवैसींचा आक्षेप पटो न पटो, दोन तरतुदी वाचून ठेवा. पहिली, पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच आहे, पण आता ती सुरुवातीच्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. दुसरी, तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. रोजचे बरेच गुन्हे याच पट्ट्यात येतात. म्हणजे ‘हद्द आमची नाही’ची जागा ‘चौकशी चालू आहे’ घेऊ शकते.

उशीर फक्त फिर्यादीला महाग पडतो का?

नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. चारांतले तीन! नव्या कायद्यात पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, तर सुटकेची सोय आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना मात्र ती लागू नाही. ही सोय जुन्या खटल्यांनाही लागू होईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केलं. तरतूद चांगली आहे, पण एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील, तर तिचा लाभ मिळत नाही.

आपण काय करायचं?

ठाण्यात गेलात तर ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ यांतला फरक लक्षात ठेवा आणि जे घडलं तेच लिहायला सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद मिळाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. ९० दिवस झाले की तपासाचं काय झालं, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आणि आपल्या खासदाराला, आमदाराला एकच मागणी करा: आपल्या जिल्ह्यात किती निकाल ४५ दिवसांत लागले, किती पीडितांना ९० दिवसांत कळवलं आणि न्यायाधीशांची किती पदं रिकामी आहेत, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करा. पोलीस आणि न्यायालयांचा बराचसा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो, म्हणून हा प्रश्न दिल्लीइतकाच विधानसभेचाही आहे.

कायदे लागू झाले त्या दिवशी शहा यांनी पत्रकारांना सांगितलं होतं, की एफआयआरपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तीन वर्षांत न्याय मिळेल. पहिला गुन्हा ग्वाल्हेरमध्ये रात्री १२ वाजून १० मिनिटांनी नोंदला गेला, मोटरसायकल चोरीचा, हेही त्यांनीच सांगितलं. त्या खटल्याची तीन वर्षं १ जुलै २०२७ ला भरतात. त्याचं काय झालं, हे त्या दिवशी संसदेत कोणीतरी विचारायला हवं.