झोका, टाळी आणि लेसरचा झोत

हिंदूरावजवळच्या बागेत नातीला झोका देत होतो. (हे हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. दिल्लीत त्यांचं नाव राहिलं ते रुग्णालयाच्या पाटीवर.) ती म्हणाली, "आजोबा, एकदाच जोरात ढकला ना!" ढकललं. झोका वाकडा गेला, साखळ्या खडखडल्या. लयीत हळूहळू ढकलल्यावर मात्र छान उंच गेला.

अणूंशीही असंच जपून वागावं लागतं. अणूला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. नेमक्या रंगाचा लेसर टाकला की तो खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जातो. गंमत पुढे आहे: लेसर तसाच चालू ठेवला तर अणू परत खाली येतो! अर्ध्यात थांबवला तर दोन्ही पायऱ्यांच्या मिश्र अवस्थेत राहतो. क्वांटम संगणकाला हीच अवस्था हवी असते.

मग झोत झटकन लावून झटकन बंद करावा, नाही का? नाही. टाळी आणि बासरी आठवा. बासरीच्या लांब फुंकरीत एक सूर स्पष्ट लागतो. टाळीत कुठलाच लागत नाही, कारण सगळेच थोडेथोडे असतात. झटकन लागून विझणाऱ्या प्रकाशातही शेजारचे रंग मिसळतात आणि अणूला भलत्याच पायरीवर नेऊ शकतात. म्हणून झोताची तीव्रता सावकाश चढवतात, सावकाश उतरवतात. आलेख काढला तर घंटेसारखा दिसतो. पण फार सावकाशही चालत नाही, तेवढ्यात ती नाजूक अवस्थाच बिघडते. खरी कसरत इथे आहे.

फेमटोसेकंदांच्या झोतांना आकार देणं तर आणखी अवघड. १०० फेमटोसेकंदांत प्रकाश जेमतेम ०.०३ मिलिमीटर जातो. इतक्या वेगानं उघडझाप करणारं बटण कुठून आणणार? म्हणून झोतातले रंग आधी वेगळे पसरवतात, कुणाला कमी, कुणाला जास्त उशीर करतात आणि पुन्हा एकत्र आणतात. देबब्रत गोस्वामी यांनी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आणि पुढे आयआयटी कानपूरमध्ये याच विषयावर काम केलं.

त्याच टीआयएफआरच्या कुलाब्याच्या प्रयोगशाळेत डीआरडीओ आणि टीसीएसच्या साथीनं ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी झाली; ऑगस्ट २०२४ मध्ये ते जाहीर झालं. तिथे लेसर नाही, आपल्या ओव्हनमधल्या मायक्रोवेव्हचे भाऊबंद वापरतात. झोताच्या आकाराचं गणित तेच. फक्त इथे शिजत काहीच नाही, कारण चिप ठेवतात उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ.