गाण्याची शिफारस आणि तिची हमी

मनुष्याची अभिरुची ही त्याची खासगी मिळकत असून तिच्या वहिवाटीत इतरांची ढवळाढवळ असू नये, असा एक समज अलीकडे दृढ होत चालला आहे. आणि संगीतश्रवणाच्या प्रांतात तर खिशातला मोबाइल व कानातला इअरफोन यांनी तो समज व्यवहारात उतरवूनही दाखविला आहे. एकाच घरात चार माणसे एकाच वेळी चार निरनिराळी गाणी ऐकत आहेत आणि घर मात्र निःशब्द आहे, याचे आता कोणास नवल वाटत नाही. या व्यवस्थेचे लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल; परंतु तिच्यापायी एक जुनी सामाजिक विद्या आपल्या हातून निसटत आहे. ती विद्या म्हणजे दुसऱ्याच्या आवडीचे गाणे स्वस्थचित्ताने ऐकून घेणे.

ही विद्या समाजाला कोणी हुकुमाने शिकविली नव्हती. हुकुमाचा प्रयोग झाला तो उलट दिशेने. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. जनतेची अभिरुची उन्नत व्हावी या सद्हेतूने त्यांनी चित्रपटगीतांवर असे निर्बंध घातले की ती सरकारी नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम एवढाच झाला की, श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन गाठले, त्याच वर्षी तेथे सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोहोचली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आवड वरून लादता येत नाही, हा या प्रकरणाचा पहिला निष्कर्ष. आणि ती शेजाऱ्याकडून मात्र सहज लागते, हा दुसरा, ज्याची साक्ष फर्माईशीच्या कार्यक्रमांनी दिली.

पोस्टकार्डावर गाण्याचे नाव, खाली घरातल्या लहानथोरांची टोपणनावांसह यादी आणि शेवटी गावाचे नाव, असा तो अर्ज असे. ‘विविध भारती’वर झुमरीतलैयासारखे आडबाजूचे गाव त्यामुळे देशभर ठाऊक झाले, आणि मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’मध्ये आपले नाव उच्चारले जावे म्हणून कित्येक मराठी कुटुंबे कान देऊन बसत. परंतु आपले गाणे लागेपर्यंत इतरांची गाणी ऐकणे प्राप्तच होते, आणि त्या सक्तीच्या शेजारातून नावडते म्हणून धुडकावलेले एखादे गाणे कधी आपलेसे होऊन गेले हे श्रोत्याला कळतही नसे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ प्रसारित केले, तेव्हा ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांची छप्पन्न गीते आठवड्यास एक या संथ गतीने वर्षभर श्रोत्यांपुढे आली; दोन गीतांमधले ते दिवस रिकामे नसत, कारण ऐकलेल्या गीताची चर्चा आणि येणाऱ्याची प्रतीक्षा हाही श्रवणाचाच भाग होता.

तथापि त्या काळाचे स्तोत्र गाण्याचा माझा हेतू नाही. रेडिओचे बटण बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती असे. सुनेची आवड आणि मुलांची हौस यांना तेथे मुखत्यारी नव्हती. आणि चौकातील ध्वनिक्षेपकाने तर आजाऱ्याची झोप व विद्यार्थ्याचा अभ्यास यांची कधीच तमा बाळगली नाही. १९७९ साली जपानमध्ये वॉकमन विक्रीस आला आणि पुढे तो सर्वत्र पसरला, तेव्हा अनेकांना प्रथमच आपले गाणे कोणाच्याही मंजुरीवाचून ऐकता आले. ते स्वातंत्र्य मोलाचे आहे आणि ते परत देण्याचे कारण नाही.

माझी तक्रार स्वातंत्र्याविषयी नसून शिफारशीच्या अवनतीविषयी आहे. आज गाणे सुचविण्याचा मक्ता यंत्राकडे गेला आहे, आणि ते यंत्र आपण काल जे ऐकले त्याचीच चुलत भावंडे आज पुढे करते. मित्रमंडळी गाणी पाठवितात, पण एकदम दहा पाठवितात. आणि बोट लावण्यापलीकडे ज्यास कष्ट पडले नाहीत ते पाठविणे ऐकणाऱ्यावर कसलेही ऋण ठेवीत नाही. कोऱ्या कॅसेटवर कोणासाठी गाणी भरून घेणाऱ्यास एका बाजूच्या अर्ध्या तासात काय घ्यावे आणि काय गाळावे याचा निवाडा करावा लागे, वेष्टनावर नावे स्वहस्ते लिहावी लागत, आणि चार दिवसांनी तो “ऐकलंस का?” असे विचारल्यावाचून राहत नसे. त्या प्रश्नात शिफारशीचे सारे सत्त्व होते, कारण विचारणारा आपल्या निवडीला जामीन राहिलेला असे, आणि गाणे फिके निघाले तर त्याच्या रसिकतेला बट्टा लागे. यंत्र असा जामीन राहू शकत नाही. गाणे आवडले नाही, तर ते निमूटपणे दुसरे लावते.

उपाय साधा आहे आणि त्यास सरकारी योजनेची गरज नाही. ज्याला गाणे पाठवायचे त्याला एकच पाठवावे, ते त्यालाच का, हे दोन वाक्यांत लिहावे, आणि नंतर निःसंकोच विचारणा करावी. घरात आठवड्यातून एखादी संध्याकाळ अशी असावी की ज्यात आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाने पाळीपाळीने एक गाणे सर्वांसाठी लावावे, आणि इतरांनी ते मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकावे. नातवाच्या रॅपने आजीला डोकेदुखी होईल आणि आजीच्या नाट्यपदातील तानांनी नातू चुळबुळेल, हे मान्य. पण न आवडलेले गाणे पूर्ण ऐकून मग सकारण नापसंती व्यक्त करणे, ही मतभेदाची अत्यंत निरुपद्रवी तालीम आहे. जो समाज चार मिनिटे दुसऱ्याचे गाणे सहन करू शकत नाही, त्याने सभागृहात, वृत्तपत्रात आणि शेजारात दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?