बालकांचा न्युमोनिया : आधी श्वास मोजावा, मग एक्स-रे मागावा

हेमंत सरून शिशिर लागला की नागपुरातील प्रत्येक चिकित्सालयात कास, ज्वर व श्वास यांनी पीडित बालकांची गर्दी वाढू लागते. प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या आमच्या भागांत अलीकडे पालक बालकाबरोबर छातीच्या एक्स-रेचा लिफाफाही घेऊन येतात. "छातीत डाग आहे का, तेवढे सांगा," एवढीच त्यांची अपेक्षा असते. एक्स-रे पाहणे म्हणजेच बालकाची तपासणी, ही समजूत समाजात रुजली आहे. ती दृढ करण्यात आपल्या व्यवसायाचाही हातभार लागला असल्याने या विषयाची चर्चा आपल्याच व्यासपीठावर होणे आम्हांस आवश्यक वाटते.

बालकाचा न्युमोनिया प्रथम ओळखला जातो तो श्वासाच्या गतीवरून. जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या मर्यादा सर्वांना ज्ञात असाव्यात. दोन महिन्यांखालील शिशूत मिनिटाला ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास म्हणजे श्वासगती वाढलेली आहे. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ज्याला आपल्याकडील माता 'पोट उडते' असे म्हणतात, हे त्याहून गंभीर लक्षण होय. दूध वा पाणी न घेणे, सर्व काही उलटून पडणे, आचके येणे, मूल निपचित पडणे, शांत असतानाही श्वासाबरोबर कर्कश आवाज येणे ही धोक्याची चिन्हे होत. यांपैकी एकाही गोष्टीसाठी एक्स-रे यंत्र लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ, उघडी छाती आणि पूर्ण एक मिनिटाचा संयम पुरेसा आहे.

या विधानास आधार शोधण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये हा प्रयोग केला. ५८ गावांत आरोग्य कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना श्वास मोजून न्युमोनिया ओळखण्याचे व को-ट्रायमॉक्साझोल देण्याचे शिक्षण दिले गेले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी व वाळूचे घड्याळ जोडलेले साधे श्वासमापक तयार करण्यात आले. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. न्युमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी १७.५ च्या तुलनेत ८.१ इतके आढळले. हे सारे एकही एक्स-रे न काढता साधले, याचा आपण विचार करावा.

मग एक्स-रेने काय साधते? दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे बाह्यरुग्ण विभागातील ५२२ बालकांवर झालेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचा एक्स-रे काढला, काहींचा नाही. दोन्ही गटांत बरे होण्याचा मध्यम काळ सारखाच, म्हणजे सात दिवसांचा होता. मात्र एक्स-रे काढलेल्या गटात न्युमोनियाचे निदान व प्रतिजैविकांचा वापर अधिक झाला. ब्रिटन व अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी २०११ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही घरी उपचार होऊ शकणाऱ्या बालकाचा एक्स-रे नेहमीचा भाग म्हणून काढू नये, असेच म्हटले आहे.

याची कारणे समजून घ्यावीत. रोगाच्या आरंभी एक्स-रे निर्दोष दिसू शकतो आणि रोग बरा झाल्यावरही छाया कित्येक आठवडे टिकू शकते. व्याधी विषाणूजन्य की जिवाणूजन्य, हे केवळ छायेवरून ठरत नाही. शिशूची थायमस ग्रंथी, रडताना श्वास सोडण्याच्या क्षणी निघालेली प्रतिमा अथवा वाकडी झालेली मान यांमुळे नसलेला 'डाग' दिसू शकतो.

येथे एक आक्षेप येतो व तो रास्त आहे. पाकिस्तानात सौम्य न्युमोनियाचे निदान झालेल्या बालकांचे एक्स-रे तपासले असता सुमारे ८२ टक्के निर्दोष आढळले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मग श्वासमोजणीनेही अनेकांना अनावश्यक प्रतिजैविक मिळत नाही काय? मिळते, हे मान्य करावे लागेल. ही पद्धत एकही मरणासन्न मूल सुटू नये यासाठी रचलेली आहे, अचूक छाननीसाठी नव्हे. तिची धार वाढविण्याचा मार्ग मात्र पुन्हा रुग्णशय्येपाशीच आहे. ज्वर उतरल्यावर श्वास पुन्हा मोजावा. घरघर असल्यास श्वासनलिका विस्फारक देऊन पुन्हा मोजावा. पल्स ऑक्सिमीटरने प्राणवायूचे प्रमाण पाहावे व ते ९० टक्क्यांखाली असल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

एक्स-रे त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दोन-तीन दिवसांच्या योग्य उपचारानंतरही उतार नसणे, छातीत पाणी वा पू झाल्याची शंका, शेंगदाणा वा मणी श्वासमार्गात गेल्याचा संशय, क्षयाची शक्यता, वारंवार होणारा न्युमोनिया आणि रुग्णालयात दाखल करण्याइतकी गंभीर अवस्था या प्रसंगी तो अवश्य काढावा. परंतु ज्या बालकाचे पोट उडत आहे त्यास एक्स-रेसाठी रांगेत बसविणे आणि 'एक्स-रे चांगला आहे' म्हणून परत घरी पाठविणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत.

आपल्या शास्त्राची दृष्टी याहून निराळी नाही. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण प्रथम वर्षापासून शिकतो. बोलू न शकणाऱ्या बालकाची पीडा त्याच्या चेष्टांवरून कशी जाणावी, यासाठी काश्यपसंहितेत स्वतंत्र वेदनाध्याय आहे. त्या परंपरेच्या वैद्याने बालकाची छाती उघडून न पाहता लिफाफा उघडावा, हे शोभणारे नाही. त्याचबरोबर परंपरेच्या अभिमानापोटी, श्वासगती वाढलेल्या बालकास केवळ चूर्ण-चाटणावर ठेवून प्रतिजैविकास व संदर्भसेवेस विलंब करणे हेही तितकेच अक्षम्य आहे. दोन महिन्यांखालील शिशूस तर त्वरित बालरोगतज्ज्ञाकडेच पाठवावे.

औषधविक्रेते बंधूंचे स्थान या साखळीत फार महत्त्वाचे आहे, कारण खोकणाऱ्या बालकाचा पालक अनेकदा प्रथम त्यांच्याकडेच येतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील बालके खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली. त्यांतील अनेकांवर आपल्याच नागपुरात उपचार चालू होते. तेव्हा बालकाचे वय, श्वासाची गती, दूध पिणे आणि मुलाची हुशारी यांची चौकशी केल्यावाचून बाटली देऊ नये. शंका येताच वैद्याकडे धाडावे.

प्रत्येक चिकित्सालयाच्या केसपेपरवर वजन व ज्वर यांच्या शेजारी 'श्वास प्रतिमिनिट' असा रकाना असावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्यात वेळेसह आकडा लिहावा. पुढे वाद उद्भवल्यास तोच आपला पुरावा ठरेल. 'एक्स-रे काढला नाही' ही तक्रार करणाऱ्या पालकास तो आकडा दाखवावा, धोक्याची चिन्हे समजावून द्यावीत व दोन दिवसांनी पुन्हा बोलवावे. यासाठी खर्च काहीच नाही. लागतो तो एक मिनिट, आणि आपल्या दारी आलेल्या प्रत्येक बालकाचा त्यावर हक्क आहे.