पिस्तूल, कॅमेरा आणि रात्रीची लाईट

वाचकहो, रात्रीची जेवणे आटोपल्यावर टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक कार्यक्रम तुम्ही कधी ना कधी पाहिला असेलच. दूर परदेशातले घनदाट जंगल, चार-पाच धिप्पाड दाढीवाले गडी, हातात बंदुका, डोक्याला बॅटऱ्या. रात्रीच्या कॅमेऱ्याचा तो हिरवट उजेड. एक जण दबक्या आवाजात म्हणतो, ‘ते बघ, हललं!’ आणि नेमकी तिथे जाहिरात लागते. तासाभराने कार्यक्रम संपतो तेव्हा राक्षस काही सापडलेला नसतो. एखादे मोडलेले झुडूप, एखादा ठसा, एवढेच. सापडला तर पुढच्या आठवड्यात काय दाखवणार? घरातली पोरं गोधडीतून डोळे बाहेर काढून बघतात, म्हातारी माणसं ‘बंद करा रे ते’ म्हणतात आणि स्वतःही बघत बसतात. करमणूक आहे, तिला आमची हरकत नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. असाच एक भाग आपल्या जळगाव जिल्ह्यात घडला, आणि तो करमणुकीचा नव्हता. २०१७ च्या पावसाळ्यानंतर चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत एका बिबट्याने माणसे मारायला सुरुवात केली. मेलेल्यांत बायका होत्या, लेकरे होती. दिवस कापूस वेचणीचे. बाईमाणूस कपाशीत वाकून बोंडे वेचणार, लहान मूल बांधावर बसवणार. मजूर शेतात जायला तयार होईनात, बोंडे झाडावर फुटून लोंबू लागली. संध्याकाळी पाचनंतर गावे चिडीचूप. ‘बिबट्या उना रे भो!’ एवढी आरोळी उठली की सारी आळी काठ्या घेऊन बाहेर. ती भीती ज्यांनी भोगली त्यांना विचारा, टीव्हीवरच्या राक्षसाचे त्यांना हसू येते.

नोव्हेंबरच्या अखेरीस वरखेडे परिसरात आपल्याच जिल्ह्याचे, तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन हातात पिस्तूल घेऊन शेतातून पळताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पुढे माणसे, मागे माणसे, कॅमेरा हलतोय, कोणी ओरडतोय. आपण ते सुरक्षेसाठी बाहेर काढले, असा त्यांचा खुलासा आला. तो आपण मान्य करू. लोकप्रतिनिधी दुःखात सापडलेल्या गावात गेला हे चांगलेच झाले. परंतु वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका झालेला असा प्राणी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, अशी खात्री पटल्यावर फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. मंत्री झाला तरी त्याला ती मुभा नाही. आणि नेम चुकून बिबट्या जखमी झाला असता तर? जखमी बिबट्या कपाशीत शिरला की पुढचे आठ दिवस त्या शिवारात कोण पाय ठेवणार होते?

दोन-तीन दिवस चॅनलवाल्यांनी ती चित्रफीत दळली. कोणी टवाळी केली, कोणी शाबासकी दिली. मग ९ डिसेंबरच्या रात्री, रीतसर आदेशानंतर, हैदराबादचे शिकारी नवाब शफाअत अली खान यांच्या गोळीने तो बिबट्या पडला. पुन्हा कॅमेरे आले. मेलेल्या जनावराचे फोटो मोबाईलवर फिरले. गावांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो रास्तच होता. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला ‘निसर्गाचा समतोल’ शिकवायला आम्ही बसलेलो नाही. सरावलेला नरभक्षक मारावाच लागतो, यात वाद नाही.

वाद आहे तो पुढचा. भाग संपला, चॅनलच्या गाड्या गेल्या. ज्या कारणाने माणूस आणि बिबट्या एका सरीत समोरासमोर आले, ते कारण मात्र तिथेच राहिले.

यासाठी थोडे मागे, दोनशे वर्षे मागे जाऊ. चाळीसगावहून कन्नडला जाताना आपण घाट चढतो. आपण त्याला कन्नड घाट म्हणतो, कागदोपत्री तो औट्रम घाट. तिथल्या अभयारण्याचे नावही गौताळा औट्रमघाट. हा औट्रम म्हणजे जेम्स औट्रम नावाचा इंग्रज अधिकारी. १८२५ साली त्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. शिकारीचा त्याला भारी नाद. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याच्या हजेरीत १९१ वाघ मारले गेले, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. आज हा आकडा वाचून आपण थक्क होतो. त्या काळी टीव्ही असता तर औट्रमसाहेबाने चॅनल चालवले असते.

पण इतके वाघ खान्देशात आले कुठून? खान्देश गॅझेटिअर सांगते की १८२२ साली काही महिन्यांतच सुमारे ५०० माणसे आणि २०,००० गुरे वाघांनी मारली. त्याआधीची पंधरा-वीस वर्षे काय गेली होती? पेंढाऱ्यांच्या धाडी, लुटालूट, १८०३-०४ चा दुष्काळ. गावे ओस पडली, चांगल्या काळ्या जमिनीत काटेरी झुडपे माजली, आणि जिथे नांगर थांबला तिथे वाघ आला. पुढे गावे परत वसली, जमिनी वाहितीखाली आल्या, झुडपे तुटली, तसतसा वाघ डोंगराकडे सरकला. औट्रमच्या बंदुकीचे नाव घाटाला मिळाले. नांगर धरणाऱ्या कुणब्याचे आणि झुडपे तोडणाऱ्या भिल्लाचे नाव कशालाही मिळाले नाही. जनावर कुठे राहणार हे जमीन कशी वापरली जाते त्यावर ठरते. ते बंदुकीच्या हातात फार थोडे असते.

आता आजचे शिवार बघा. गिरणेचे पाणी आले, ठिबक आले, केळीचे बाग आणि उसाचे फड उभे राहिले. पाटाला पाणी, गर्द सावली, आत माणूस दहा-दहा दिवस फिरकत नाही. बिबट्याला आणखी काय पाहिजे? खायला गावची कुत्री. हा विनोद नव्हे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांचा अभ्यास केला. जंगल नावाला नाही, उसाचा मुलूख, आणि तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा, आणि एकूण ८७ टक्के पाळीव जनावरांचा. एवढे बिबटे शेजारी असून अभ्यासाच्या काळात तिथे एकही माणूस बिबट्याने मारला नाही. म्हणजे बिबट्या गावाशेजारी राहतो म्हणून तो राक्षस होतो, हे काही खरे नाही.

राक्षस कसा तयार होतो, याची एक गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही. २००१ पासून पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लावला गेला. हेतू चांगला होता, लोकांचा दबावही होता. परिणाम काय झाला? आधीच्या वर्षांत जुन्नरला माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये ते सतरावर गेले. त्या बिबट्यांपैकी काही आपल्या यावल अभयारण्यात आणून सोडले. त्यानंतर इकडेही माणसांवर हल्ले झाले, आणि पुढे पकडलेल्या बिबट्याच्या अंगात जुन्नरला बसवलेली ओळखीची चिप सापडली. घरातून उचलून अनोळखी मुलखात टाकलेले, पिंजऱ्याला धडका देऊन दात-नखे दुखावलेले, भेदरलेले जनावर. पुण्याची पीडा सातपुड्याच्या पायथ्याला आणून सोडली, आणि इथल्या माणसाला कोणी विचारलेसुद्धा नाही. तेव्हा आजही गावात पिंजरा लावा म्हणून मोर्चा निघतो तेव्हा एक प्रश्न विचारत चला : भाऊ, धरलेला बिबट्या नेऊन सोडणार कुठे? कोणाच्या दारात?

२०१८ मध्ये यवतमाळात पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीच्या वेळी हाच खेळ मोठ्या पडद्यावर झाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, शिकारी तेच घराणे, चॅनलवर दोन तट. शहरातल्यांनी मेणबत्त्या लावल्या, गावातल्यांनी फटाके वाजवले. दोघांनाही एकमेकांचे काही कळले नाही, कारण मधे कॅमेरा होता. आता तर मोबाईलवर बनावट बिबटेही फिरतात. नसलेला बिबट्या आपल्या गल्लीत दाखवतात, आणि मग खरा आलेला असताना सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

असो. आता ज्या गोष्टीकडे एकही कॅमेरा वळला नाही तिच्याकडे येऊ. रात्रीची लाईट.

शेतीपंपाला पाळीपाळीने दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास वीज, ही पद्धत आपण वर्षानुवर्षे सोसली. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याने काय करायचे? हरभरा-गव्हाला पाणी तर पाहिजे. मग थंडीत, डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि फावडे, रात्री एक वाजता माणूस बारे द्यायला एकटा शेतात. वाकून वाफा फोडतो. अंधारात वाकलेला माणूस बिबट्याला माणूस दिसत नाही, चार पायांचे काहीतरी दिसते. सालदार असला तर तोही गरिबाचाच पोर. साप, विंचू, उघड्या तारा हे वेगळेच. २०१७ च्या जूनमध्ये, म्हणजे बिबट्याच्या त्या प्रकरणाआधी पाच-सहा महिने, सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली : सौर विजेवर शेतीपंपांना दिवसा वीज. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. जिथे ती पोचली तिथे शेतकरी रात्री घरात झोपतो. जिथे नाही, तिथे त्याच्या हातात अजून बॅटरीच आहे. पिस्तुलावर दोन दिवस चर्चा करणाऱ्यांनी ‘तुमच्या फीडरला दिवसा लाईट कधी?’ असे एकदा तरी विचारले का?

तसेच गोठ्याचे. धुळे जिल्ह्यात साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ वर्षातले कितीतरी महिने उघड्या माळावर मेंढ्यांसह रात्र काढतात. चार काठ्या आणि जाळी एवढाच त्यांचा वाडा, बाजूला लेकरे झोपलेली. त्यांना सौरदिवा आणि घडीची भक्कम जाळी द्यायला फार पैसा लागत नाही. शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या मजुराला दार लागणारी खोली आणि दारापाशी संडास पाहिजे. म्हणजे पहाटे अंधारात पोराला घेऊन बांधावर बसावे लागणार नाही. गावाबाहेर मेलेली ढोरे आणि कोंबड्यांची आतडी टाकणे बंद झाले तर कुत्री कमी होतील, आणि कुत्र्यांमागे येणारे पाहुणेही. ही कामे ग्रामपंचायतीच्या पातळीवरची आहेत. यात दाखवण्यासारखे काही नाही, म्हणून ती टीव्हीवर येत नाहीत.

सातपुड्यातले आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातले आदिवासी बांधव वाघदेव पुजतात. दगडावर किंवा लाकडावर वाघ कोरलेला, त्याला शेंदूर. आम्ही ते भोळेपण म्हणून सांगत नाही. ज्याच्याशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहायचे त्याला हद्द ठरवून देण्याची ती रीत आहे. तू तुझ्या रानात, आम्ही आमच्या. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा भागात तर आजही केळीच्या शिवाराजवळ पट्टेदार वाघाचा वावर आहे, आणि तिथला शेतकरी केळी पिकवतोच आहे. त्याच्यावर कोणी राक्षसाचा कार्यक्रम काढलेला नाही.

शेवटी तुमच्या उपयोगाचे थोडेसे. बिबट्या दिसला तर घोळका करून त्याच्यामागे पळू नका, मोबाईल काढून जवळ जाऊ नका, त्याला निघायला वाट मोकळी ठेवा. पाठ दाखवून पळू नका, खाली बसू नका. लहान मूल सोबत असेल तर आधी कडेवर घ्या. गाय, वासरू, बकरी मारली गेली तर ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवू नका. हलवले की भरपाई अडकते, हा अनेकांचा अनुभव आहे. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळते. माणूस गेल्यास वारसाला २०२३ पासून २५ लाख रुपये आहेत, त्यातला काही भाग लगेच हाती आणि बाकीचा ठेवीच्या रूपाने. कागद करताना वारसदाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पंचनाम्याची नक्कल जपून ठेवा. वन विभागाचा फुकटचा फोन नंबर १९२६. तो घरात टीव्हीच्या वर भिंतीवर खडूने लिहून ठेवलात तरी चालेल.