तिसाव्या पानावरचा चोर

आमची पाचवीतली लेक सध्या एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’ मालिकेत बुडाली आहे. 1942 ते 1963 या काळात निघालेली ही 21 पुस्तके, आणि गोष्ट बहुधा तीच! सुट्टी लागते, चार मुले आणि टिमी कुत्रा भटकायला निघतात, कुठेतरी भुयार सापडते, चोर नाहीतर तस्कर पकडला जातो.

“तेच तेच काय वाचतेस गं?” आम्ही विचारले.

“शेवटी सगळे सुखरूप घरी येतात हे माहीत असतं, म्हणून तर रात्री वाचता येतं.”

पटले. लहानपणी आम्ही तरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कशासाठी वाचत होतो? त्यांच्या डब्यातल्या जिंजर बिअरने मात्र दादींची झोप उडवली होती. ते मुलांचे आल्याचे सोड्यासारखे पेय, हे समजावता समजावता इशाची अजान झाली. हॅम म्हणजे काय, तेही लेकीला सांगून टाकले. “ते त्यांचं खाणं,” म्हणून तिने पान उलटले.

खरी अडचण पुढेच होती. एका रात्री ती म्हणाली, “अम्मी, चोर कळला!” जेमतेम तिसावे पान.

“कसा?”

“दिसायला वाईट आहे, आणि बोलणं परक्यासारखं.”

तोच चोर निघाला. या पुस्तकांत पहिला संशय पुष्कळदा परदेशी माणसावर, भटक्या जिप्सींवर जातो. खुद्द इंग्लंडमध्ये ब्लायटनबाईंवर ही टीका झालेली आहे. गोष्ट तीच असली तर बिघडत नाही. पण चोराचा चेहराही दरवेळी तसाच असला, तर तो मुलांच्या डोळ्यांत बसतो.

गेल्या महिन्यात एका दुकानाच्या दारात एवढ्या गर्दीतून फक्त नानांची पिशवी उघडायला लावली. पांढरी दाढी, टोपी. लेक सोबत होती. “का?” म्हणाली, तेव्हा आम्ही विषय बदलला होता. आता आम्हीच विचारले, “नाना या पुस्तकात असते तर?”

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, “तिसाव्या पानावरच सापडले असते.”

पुस्तके बंद केली नाहीत. एवढेच ठरवले, की तिसाव्या पानाशी थांबून संशय कोणावर आणि का, ते चिठ्ठीवर लिहायचे. परवाच्या पुस्तकातली चिठ्ठी आम्ही वाचली: ‘माहीत नाही. अजून कोणी काही केलेलंच नाही.’