मृगाचा किडा आणि कोरी वही

हवाई बेटांवर निसर्गाच्या सूक्ष्म निरीक्षणास ‘किलो’ म्हणतात. भूमीवरील प्रेमापासून ते वेगळे मानीत नाहीत. आपल्याकडे हा वारसा नाही काय? घोडेगावचा (ता. नेवासा) शेतकरी ७ जूनच्या सुमारास लागणाऱ्या मृगाची वाट पाहतो. त्याचाच मुलगा महाविद्यालयात पर्जन्यछायेची व्याख्या पाठ करतो. मृगाचा किडा मात्र त्यास ओळखता येत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत अरण्यवासीयांकडून शब्द वेचले, नोंदविले, मराठीस दिले. आमच्या विद्यार्थ्यांनीही एकेक झाड निवडून वर्षभर तारीखवार नोंदी ठेवाव्यात आणि आजोबांचे आडाखे त्यांवर पारखून पाहावेत. हे ज्ञान म्हणजे भांडवलच. परंतु नोंदीवाचून ते एका पिढीत बुडते, आणि कोणत्याही बाजारात पुन्हा विकत मिळत नाही.